गुरम्माच्या वाडग्यातलं दूध

गुरुवारी सकाळी आठ वाजताच गुरम्माच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बाहेर लिंबाखाली तीन जीप, दोन ॲपेरिक्षा आणि एक ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून आणलेली एक ओली बाळंतीण तशीच पडून होती; टाक्यांमुळे तिला खाली उतरता येत नव्हतं. अंगणात बायाच बाया. कुणाच्या मांडीवर चार दिवसांचं लेकरू, कुणाच्या आठ. सगळ्या सिझर झालेल्या आणि सगळ्यांची तक्रार एकच, अंगावर दूध नाही.

देगलूरच्या रस्त्यावरून आत वळल्यावर हे गाव लागतं. नाव देत नाही, कारण गावाचा यात दोष नाही.

गुरम्मा ओट्यावर बसली होती. पन्नाशीची, हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, समोर काचेचा मोठा वाडगा. त्यात स्वच्छ पाणी, इतकं नितळ की खालच्या फरशीची नक्षी दिसत होती.

"सात हिरीचं पाणी हाय हे," ती म्हणाली. "सात सवाष्णींनी, एक शबुद न बोलता वढून काढल्यालं. डाक्टरनं पोट फाडलं, तवा पान्ह्याची वाट बी कापली. वाट कापली की दूध माघारी फिरतंय अन् पाठीत जाऊन बसतंय. म्या त्येला हाका मारते. हाल बा! हाल बा!"

कानडीत हाल म्हणजे दूध आणि बा म्हणजे ये. दूध पाठीत जाऊन बसतं हे शरीरशास्त्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुधाला मराठी समजत नाही, कानडीच समजते, हेही नवीनच होतं.

गुरम्माने बोरूची पोकळ काडी पाण्यात बुडवली आणि डोळे मिटून फुंकायला लागली. पाण्यात बुडबुडे आले. बघता बघता पाणी धूसर झालं, मग पांढरं, मग थेट दुधासारखं. अंगणभर बायांनी हात जोडले. एक म्हातारी रडायलाच लागली.

लगेच पडद्यामागून एक पोरगी बाहेर आणली. तिला सोमवारी छाती बांधून पाठवलं होतं. गुरम्माने सगळ्यांदेखत पट्टा सोडला आणि तिचं झंपर पुढून भिजत गेलं. दूध खरंच गळत होतं.

"बगितलं?" माझ्या शेजारी बसलेली लक्ष्मीबाई म्हणाली. ती मुखेडकडच्या एका खेड्यातली, शेती करणाऱ्या घरातली, सून पुनमला घेऊन आली होती. "आमच्या जावेच्या लेकीचं बी असंच झालं. म्या माझ्या डोळ्यानं बगितलंय."

गळणाऱ्या दुधाचं कोडं मला त्या दिवशी उलगडलं नाही. पण वाडग्याचं तिसऱ्या फुंकरीलाच उलगडलं. मी अहमदपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चुन्याची निवळी आणि तिच्यात नळीने फुंकर, हा प्रयोग मी दरवर्षी मुलांकडून करून घेते. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने निवळी दुधाळ होते. माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलीने ते एका दमात सांगितलं असतं.

मला कळलं आणि मी गप्प बसले.

आमचं घर मुखेडला. भाऊ संघपाल तहसीलमध्ये कारकून आहे. त्याची बायको प्रियदर्शनी हिचं नांदेडला सिझर झालं, मुलगी झाली. सिझरनंतर पहिले दोन दिवस ती आडवीच होती, लेकरू दुसऱ्या खोलीत, बाटलीवर. तिसऱ्या दिवशी छातीला लावलं तर ते तोंड फिरवून रडायचं. ते रडायचं, मग ही रडायची. बुधवारी घरी आणलं तेव्हा आमची माय, सरजाबाई, हात लावून बघून म्हणाली, "काईच न्हाई गं हिच्या अंगावर. कोरडी हाय."

तो शब्द प्रियदर्शनीने ऐकला. त्यानंतर ती कुणाशी बोलेना.

गुरम्माचं नाव शेजारच्या बायकांनी काढलं. मी सुट्टी टाकून आले होते. आमच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. असल्या दारात आम्ही कधी गेलो नव्हतो. मी तसं म्हणालेही. माय म्हणाली, "तुला लेकरू असतं तर कळालं असतं." मला मूल नाही.

म्हणून त्या अंगणात मी होते. प्रियदर्शनीचा नंबर आला. गुरम्माने तिच्यासाठी फुंकलं, पाणी पांढरं झालं आणि प्रियदर्शनी पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. ते हसू बघून मी स्वतःची समजूत घातली. आईच्या मनावर ताण असला की दूध उतरायला अडतं, असं मी वाचलं होतं. ते खरंही आहे. मग तिला धीर आला तर बिघडलं काय? फुंकर खोटी असेना, धीर तर खरा! एका खऱ्या माहितीचा टेकू मी खोट्याला दिला, आणि वर स्वतःला शहाणी समजले.

गुरम्माने छातीवर हळद आणि एरंडाच्या पाल्याचा लेप थापला. वरून लुगड्याचा पट्टा इतका आवळला की प्रियदर्शनीचा श्वास अडला.

"सोमवारपातूर सोडायचं न्हाई. हात लावायचा न्हाई, चोळायचं तर बिलकुल न्हाई, चोळलं की दूध बाटतंय. लेकराला छातीला धरायचं न्हाई. डब्याचं दूध बंद, त्येनं अंगावरचं रुसतंय. तवर साखरपानी द्या."

परत येताना जीपमध्ये मी मायला हळूच म्हणाले, "डब्याचं दूध बंद करू नको हं."

"हाव," माय म्हणाली.

तिने ते बंद केलं. तिला दोष कसा देऊ? ज्या बाईपुढे मी, शाळेतली मॅडम, मुकाट मांडी घालून बसले होते, तिचं सोडून तिने माझं का ऐकावं?

शुक्रवारी मी अहमदपूरला गेले. शनिवारी फोन केला तर माय म्हणाली, "लई शांत झालंय लेकरू. रडत बी न्हाई. झोपूनच राहिलंय." मला बरं वाटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

रविवारी सकाळच्या एसटीने मुखेडला उतरले. घरात शिरले तर बाळ पाळण्यात होतं. हात लावला. ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली, पायाच्या तळव्यावर टिचकी मारली तरी नीट रडेना.

"शी-शू कधी केली?"

माय संघपालकडे बघायला लागली. संघपाल म्हणाला, "काल दुपारी, ताई. थोडी. लालसर व्हती."

आत प्रियदर्शनी तापाने फणफणली होती. पट्ट्याखाली तिची छाती दगडासारखी कडक, कातडी लाल. तरी ती मला म्हणाली, "ताई, उद्या सोमवार हाय. आजचा दिवस राहू द्या. उद्या अम्मा सोडतील."

मी कात्री घेतली आणि पट्टा कापला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला लगेच आत घेतलं, सलाईन लावलं. प्रियदर्शनीजवळ पंचफुला सिस्टर आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, रिटायर व्हायला आलेल्या. त्यांनी लेपाचे पापुद्रे बघितले.

"कुणी बांधलं हे?"

"देगलूरकडच्या गुरम्माने," मी म्हणाले.

"सिस्टर," प्रियदर्शनी म्हणाली, "मला दूधच नाही. कोरडी हाय मी."

"कोरडी?" सिस्टर चमकल्या. "अगं बाई, भरून फुटायला आलीस तू. दूध हाय, म्हणून तर दगड झालाय. यायला वाट द्यायची सोडून तुमी दार बांधून टाकलं."

प्रियदर्शनी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

सिस्टरांनी हात साबणाने धुतले, मलाही धुवायला लावले. कोमट पाण्यात फडकं पिळून छातीवर ठेवलं. थोड्या वेळाने मालिश सुरू केली. मला वाटलं होतं जोर लावतील. त्यांची बोटं जेमतेम टेकत होती. बोटांच्या पोटांनी, छोटे छोटे गोल करत, बगलेकडून पुढे, बरगडीकडून पुढे, सगळीकडून बोंडाच्या दिशेने.

"बगा मॅडम. कणीक तिंबतो तसं न्हाई करायचं. गालाला क्रीम लावतो, बस तेवढाच जोर. दुखलं की हात हलका करायचा. चोळून चोळून गाठी फोडायला गेलं तर सूज वाढती."

मग अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, काळ्या भागाच्या कडेला ठेवली. आधी मागे बरगडीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. दाब, जवळ, सोड. बराच वेळ काहीच नाही. प्रियदर्शनीने डोळे मिटून घेतले होते. मग एक पिवळसर थेंब आला. दुसरा आला. मग बारीक धार उकळून घेतलेल्या वाटीत पडली आणि प्रियदर्शनी हुंदके द्यायला लागली.

"रडू नको. हात दे तुझा. आता तू कर," सिस्टर म्हणाल्या.

त्या वाटीतलं दूध बाळाला चमच्याने पाजलं. संध्याकाळपर्यंत बाळ खणखणीत रडलं. तो आवाज ऐकून संघपाल भिंतीला टेकून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी बाळाला छातीला धरायला शिकवलं, टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बगलेखालून, पाय मागच्या बाजूला सोडून. डॉक्टरांनी प्रियदर्शनीला गोळ्या सुरू केल्या आणि पाजणं थांबवू नका म्हणून बजावलं. मी सिस्टरांना विचारलं, "मग गुरम्माकडे त्या पोरीच्या अंगावरून दूध गळताना मी स्वतः बघितलं, ते कसं?"

"कितव्या दिवशीची व्हती ती पोरगी?"

"सोमवारी बांधलं, गुरुवारी सोडलं. सातवा-आठवा असेल."

"मग येणारच की. सिझरला दूध एकदोन दिवस उशिरा उतरतं. भूल, दुखणं, पडून ऱ्हाणं, लेकरू छातीला लागायला उशीर. पण चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेकींना उतरतंच. ती बाई बांधती कधी? चौथ्या-पाचव्या दिवशी. सोडती कधी? साचून फुगल्यावर. सोडलं की गळणारच. गळताना समदं गाव बगतं. पुढं साचून साचून आटतं ते घरी, तिथं कोण बगायला जातंय?"

मी वाडग्यावर खूश होते. वाडगा ओळखला म्हणजे सगळं ओळखलं असं मला वाटत होतं. खरी युक्ती वाडग्यात नव्हतीच. दिवसांच्या हिशेबात होती.

चौथ्या दिवशी बाळाचं सलाईन काढलं आणि त्याला आईजवळच ठेवायला दिलं. मी प्रियदर्शनीच्या कॉटशेजारी बसले होते. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला कळत होतं.

"दर्शनी, त्या दिवशी पाणी पांढरं झालं ना, ती चुन्याची निवळी होती. फुंकलं की होते. मला तिथेच कळलं होतं."

तिने बाळाच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

"तिथंच कळलं होतं?"

"हो."

"मग?"

"तू हसलीस. मला वाटलं, तुला धीर येईल."

"तुमच्या वर्गातल्या पोरींना तुम्ही खरं सांगता," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "मी बीए झालेय, ताई. मला सांगितलं असतं तर मला समजलं असतं. त्या पोरींएवढं सुद्धा तुम्ही मला धरलं नाही."

मी माफी मागितली. तिने मान भिंतीकडे वळवली. बाळ पीत होतं, त्याच्या गिळण्याचा आवाज येत होता.

पुन्हा गुरम्माकडे जायचं ठरवलं ते तिनेच, दवाखान्यातून सुटल्यावर आणि अंगात थोडी ताकद आल्यावर. मग एका गुरुवारी प्रियदर्शनी, पंचफुला सिस्टर आणि मी, बाळाला घेऊन गेलो. अंगण तसंच भरलेलं. तेच "हाल बा", तीच काडी.

प्रियदर्शनी पुढे झाली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून ओट्यावर ठेवली.

"अम्मा, आज ह्या पाण्यात फुंका."

"ते सात हिरीचं न्हाई."

"दूध माझ्या पाठीत हाय ना? मग पाणी कोणतं का असंना, ते हाकेला येणारच की."

बायांमध्ये कुजबुज झाली. गुरम्मा म्हणाली, "देवीशी वाद घालते व्हय गं? सुतकातली कोण तरी शिवलीया. आज पाणी बाटलं."

तेवढ्यात प्रियदर्शनीने काडी उचलली आणि गुरम्माच्या वाडग्यात स्वतःच फुंकायला लागली. पाणी धूसर झालं, मग पांढरं. ओट्याजवळच्या बाया उभ्या राहिल्या.

"माझ्या अंगात कोणतीच देवी नाही," ती धापा टाकत म्हणाली. "कुणीही फुंकलं तरी होतंय."

"कुनीबी?" मागून आवाज आला. लेकीला घेऊन आलेले शिवलिंग आजोबा होते, सत्तरीचे, पांढऱ्या गलमिशांचे. गुरम्मा जिच्यातून वाडगा भरायची, त्या ओट्यावरच्या घागरीतलं पाणी सिस्टरांनी एका पेल्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं. आजोबांनी घाबरत काडी तोंडात घातली आणि गाल फुगवून फुंकलं. पेला दुधाने भरल्यासारखा झाला.

"अगं बया!" एक बाई ओरडली. "आजोबाला बी पान्हा सुटला!"

अंगण हसण्याने फुटलं. आजोबांनी पेला असा खाली ठेवला जणू हातात पालच आली. आम्ही आणलेल्या बाटलीतल्या पाण्यात मी सगळ्यांसमोर दम लागेपर्यंत फुंकलं. ते पाणीच राहिलं. सिस्टरांनी घागर तिरपी केली तर तळाशी चार बोटं चुना बसलेला.

"पानाला लावतो त्योच की गं हा," एक म्हातारी म्हणाली.

"म्या कुनाला बोलवाय गेले न्हवते," गुरम्मा किंचाळली. "तुमीच आलात माझ्या दारात!"

हे मात्र तिचं खरं होतं.

मग मी बोलायला उभी राहिले. चुन्याचं सांगितलं, दिवसांचं सांगितलं. वर्गात बोलते तसं छान जमत होतं. बाया ऐकत होत्या. आणि मधूनच कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमी त्या दिवशी हितंच व्हता की."

लक्ष्मीबाई होती. कोपऱ्यात एकटी उभी. सोबत पुनम नव्हती.

"माझ्या शेजारी बसला व्हता तुमी. तवा कळलं न्हवतं का?"

खोटं बोलता आलं असतं. नंतर शाळेत जाऊन तपासलं, असं म्हणता आलं असतं.

"कळलं होतं," मी म्हणाले.

"पुनमला गळू झालं. नांदेडला नेऊन चिरा द्यावा लागला. आज तिच्यासाठीच आले व्हते, इचाराया, की एवढं समदं केलं तरी असं का झालं. तुमी एक शबुद बोलला असता, तर म्या तिला उठवून घरी नेली असती."

मी हात जोडले, तिने ते बघितले आणि नजर फिरवली.

मग सिस्टरांनीच सूत्रं हातात घेतली. नंबराची वाट बघत बसलेल्या एका पोरीला त्यांनी ओट्यावर बसवलं. पुरुषांना बाहेर घालवलं. प्रियदर्शनी शेजारी बसली आणि झंपरावरूनच दाखवायला लागली, बोटं कुठे ठेवायची, किती हलका हात, कसं गोल फिरवायचं. सिस्टर सांगत होत्या, "दोन-तीन तासाला लेकरू छातीला लावायचं. लागलं न्हाई तर असं हातानं काढून चमच्यानं द्यायचं. पहिलं पिवळं दूध फेकायचं न्हाई. लेकरानं दिवसभरात लघवी केली न्हाई, न्हाईतर तुला ताप आला, की तडक दवाखाना." मी घागर घेऊन बाजूला उभी होते. कुणी मला काही विचारलं नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. गुरम्माचं अंगण सध्या बंद आहे. बाळ आता सहा महिन्यांचं आहे, गुटगुटीत आहे. प्रियदर्शनी माझ्याशी बोलते, हसते सुद्धा. पण बाळाला खोकला झाला, काही शंका आली, की ती फोन पंचफुला सिस्टरांना लावते. मी समोर बसलेली असले तरी.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. सिझर झालं म्हणून दुधाची वाट कापली जात नाही. त्याला थोडा वेळ लागतो, लेकराचं तोंड लागतं, हलका हात लागतो आणि शिकवणारी एखादी सिस्टर लागते. हे कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कुणी चमत्कार दाखवला तर दुसऱ्या पाण्यात करून दाखवा म्हणा. ज्यांना गुण आला त्या मोजा आणि ज्यांना आला नाही त्यांच्याही घरी जाऊन या. आणि तुम्हाला खोटं ओळखता आलं तर तिथेच, त्याच अंगणात, उभं राहून बोला. समोरच्या माणसाला खरं सोसणार नाही, असं परस्पर ठरवू नका. मी तसं ठरवलं आणि काही गुरुवार उशिरा बोलले. त्या मधल्या गुरुवारांत किती जणी छाती बांधून घरी गेल्या आणि त्यांच्या लेकरांचं काय झालं, हे मला अजून माहीत नाही.